मत मागायला येणाऱ्याला शाळेचे विचारा

महोदय,

जिल्हा परिषदेची निवडणूक आली की गटागटात रस्ता, गटार, सभामंडप यांवर बोलणे होते. शाळेचा विषय क्वचितच निघतो. वास्तविक गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदच चालवते. शिक्षण समितीत आपणच निवडून दिलेले सदस्य बसतात आणि सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, वर्गखोली दुरुस्त होणार की आणखी काही, हे सभागृहात ठरते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. गळक्या छताचे गाऱ्हाणे सभेत मांडायला तेव्हा आपला माणूसच नव्हता.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये आला, तेव्हा नमुना म्हणून आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचे नाव पुढे करण्यात आले. तोरणमाळची सोय चांगली असेलही. पण त्याच जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीने पावसाळ्यात नाला ओलांडून दूरच्या शाळेत कसे जायचे? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आईबापांची लेकरे जवळ शाळा असली तरच मागे राहून शिकतात.

समूह शाळांचा निर्णय राज्याचा, हे मान्य. तरी विरोधाचा ठराव जिल्हा परिषद करू शकते. म्हणून प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला पालकांनी दारातच विचारावे: आमच्या शाळेत शिक्षक किती, पद रिकामे किती, मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे का? ज्याला हे माहीत नाही, त्याला माझे मत नाही.

– एक पालक, चोपडा (जि. जळगाव)