पुरवणीत भवभूती राहून गेला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभिजात काव्यातल्या प्रेमावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मेघदूत आले, शाकुंतल आले, संस्कृत नाटककार भवभूतीचे मात्र नावसुद्धा नाही. गोंदियात तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या मला ते फार लागले. भवभूती आमच्या भागातला. त्याचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे अभ्यासक मानतात.

मेघदूतातल्या यक्षाचा विरह वर्षभराचा, आणि त्याची पत्नी ऐन तारुण्यात. मुरलेल्या संसारातले प्रेम पाहायचे तर भवभूतीच्या उत्तररामचरित नाटकाचा पहिला अंक उघडावा. गरोदर सीता रामाच्या हातावर डोके टेकून झोपली आहे आणि तो म्हणतो, ‘अद्वैतं सुखदुःखयोः’. सुखात नि दुःखात जे एकच राहते, जिथे मन विसावते, ‘जरसा यस्मिन्नहार्यो रसः’ म्हणजे म्हातारपणालाही ज्याची गोडी हिरावून नेता येत नाही, ते प्रेम.

दरवर्षी वर्गातली एखादी मुलगी विचारायचीच, “मॅडम, एवढं बोलून त्यानं सोडलंच ना तिला?” खरे आहे. लगेच रामाचा हेर दुर्मुख लोकापवादाची बातमी घेऊन येतो. रामाचे समर्थन मी कधी केले नाही. भवभूतीही त्याला सोडत नाही. बारा वर्षांनी पंचवटीत सीतेची सखी, वनदेवता वासंती त्याला तोंडावर म्हणते, ‘अयि कठोर, यशः किल ते प्रियम्’, म्हणजे अरे निष्ठुरा, तुला कीर्तीच प्रिय. तो मूर्च्छित पडतो, आणि अदृश्य सीता येऊन त्याला हात लावते. तो स्पर्श तो ओळखतो! हे शिकवताना माझा आवाज दरवर्षी अडकायचा. वाल्मीकींची सीता धरणीत जाते. भवभूतीने सातव्या अंकात दोघांची भेट घडवली.

चार वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. रेल्वेतली नोकरी, संस्कृतशी कधी संबंध नाही. संत्र्यांच्या दिवसांत मी संत्रे सोलते आणि हे डाव्या हाताने फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढत बसतात. एका फोडीला पाच-पाच मिनिटे लागतात. साफ झालेली फोड माझ्या बशीत ठेवतात. परवा ‘जरसा’चा अर्थ सांगितला, तर अडखळत म्हणाले, “पुन्हा म्हण.”

पुढच्या पुरवणीत हा श्लोक अर्थासह पूर्ण छापावा, ही विनंती. टाइप मोठा ठेवावा. ह्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

— एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, गोंदिया