हर्णैच्या बोटीचं इंजीन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हर्णैची ती वापरलेली बोट तुम्ही घ्यायला निघालात. लाकूड आणि सांधे तुम्ही हात फिरवून ओळखता, त्यात मी काही सांगायला नको. पण "इंजीन गेल्या वर्षी पूर्ण बांधलंय, दोन हंगामांत हजारच तास चाललंय" या मालकाच्या बोलण्यावर बयाणा देऊ नका.

तासांचं मीटर बदलता येतं, डिझेलचा हिशेब सहसा लपत नाही. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी मच्छीमार सोसायटीत बोटवार नोंद असते. मालकाला ती काढून आणायला सांगा. 100 अश्वशक्तीचं इंजीन मध्यम भारावर तासाला साधारण 10 ते 12 लिटर पितं. दोन हंगामांत 30 हजार लिटर उचललं असेल, तर तास अडीच ते तीन हजार झालेत. आई, हा हिशेब तूच कर, बाबा मालकाच्या गप्पांत रमतील.

"पूर्ण बांधलं" म्हणजे काय, तेही विचारा. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), पिस्टन, त्याच्या रिंगा, बेअरिंग या सगळ्यांची बिलं हवीत. नुसत्या रिंगा आणि हेड गॅस्केट बदलूनही लोक तेच सांगतात. इंजिनाला नवा रंग दिसला तर तेलगळती झाकली असेल, असं धरूनच चाला.

पाहायला जाल तेव्हा इंजीन थंड हवं. आधी ब्लॉकला हात लावा; गरम लागलं तर परत या, कारण खराब कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) थंड इंजीन सुरू करतानाच उघडं पडतं. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात जावा. निळसर धूर टिकला तर इंजीन तेल जाळतंय. तेलाचं झाकण काढून बघा: धुराचा जोरदार फुत्कार आला तर रिंगा किंवा लायनर झिजलेत. तेल मोजायच्या गेजपट्टीवरचं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, तिथेच विषय संपवा. तेल नुकतंच बदललेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. मग जुना फिल्टर मागा, कापून त्यात धातूची चकचक दिसते का बघा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशनही मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक नको.

आता पावसाळी मासेमारी बंदी आहे, 31 जुलैपर्यंत बोट किनाऱ्यावरच. तिथे इंजीन चालवायचंच असेल तर इंजीन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपाला पिंपातून पाणी द्या, नाहीतर त्याचा रबरी इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) कोरडा फिरून मिनिटा-दोन मिनिटांत जळतो. पण किनाऱ्यावर भार नसतो, आणि खरी परीक्षा भारावरच होते. म्हणून सौदा ऑगस्टात पाण्यातल्या चाचणीनंतरच पक्का करा. पूर्ण वेगात अर्धा तास चालवा. तापमान चढून एका जागी स्थिर राहावं, सारखं वर सरकत गेलं तर कूलर तुंबला असेल. इंजीन कंपनीने दिलेले मिनिटाचे फेरे गाठत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर डिझेल फवारणारे नोझल, हवेची वाट, बोट ढकलणाऱ्या पंख्याचं माप आणि तळाला लागलेलं शेवाळ या चारही गोष्टी तपासा. लगेच इंजिनावर खापर फोडू नका. गियर पुढे-मागे टाकताना दणका बसतो का, गियरच्या तेलाला जळका वास आहे का, तेही पाहा.

निम्म्याहून जास्त रक्कम चाचणीपर्यंत हातातच ठेवा आणि तसं कागदावर लिहून घ्या. इंजिनावर कोरलेला नंबर नोंदणीच्या कागदाशी जुळतो का, हे मात्र आताच बघता येईल. दोन्हींचे फोटो मला पाठवा.

तुमची लेक