निळ्या बाईचं घर

अलिबाग

प्रिय सखी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात कुणीतरी 'तू नक्की कुठली?' विचारलं आणि लेक घरी येऊन जेवलीच नाही, हे वाचून पोटात तुटलं गं. तिला काय सांगू, असं तू विचारतेस. मला तर सियोना बेंजामिनच आठवल्या. तुझ्याच न्यू जर्सीत, माँटक्लेअरला राहतात त्या. चित्रकार आहेत, आणि मूळच्या आपल्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू.

आपल्या इस्रायल आळीतल्या आजी आठवतात ना? शुक्रवारी तिन्हीसांजेला तेलाचा दिवा लावायच्या आणि 'आता उद्या संध्याकाळपर्यंत चूल पेटायची नाही' म्हणायच्या. त्यांच्या मलिद्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि आधी एलियाहू हन्नबीचं, म्हणजे ज्यूंच्या प्रेषित एलियाचं नाव. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही गोष्ट त्यांनीच आपल्याला सांगितली. पुढे ही माणसं कोकणात घाण्यावर तेल गाळू लागली, शनिवार ज्यूंचा विसाव्याचा वार, तेव्हा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. गावांवरून आडनावं पडली, पेणकर, दिवेकर. घरात बोलायचं ते मराठीत.

सियोनाबाई 1960 साली मुंबईत जन्मल्या. घर ज्यू, शाळा आधी कॅथलिक, मग पारशी, शेजारपाजार हिंदू आणि मुसलमान. नातलग हळूहळू इस्रायलला आणि अमेरिकेला गेले, आईवडील मात्र इथेच राहिले. लहानपणचं आठवताना त्या तेलाचे दिवे सांगतात, मखमलीत आणि चांदीत मढवलेले तोरा, म्हणजे ज्यूंचे धर्मग्रंथ सांगतात, आणि एलियासाठी रिकामी ठेवलेली खुर्ची. ती खुर्ची वाचली आणि मला आजींची ओसरी दिसली.

त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. आपल्याला निळा म्हटला की कृष्ण, पण त्या हा रंग आकाशाचा आणि समुद्राचा म्हणतात, कुठल्याच एका देशाचा नसलेला. कुणी माणसांना शिक्के मारायला लागलं की आपली कातडी निळी होते, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हे वाक्य तुझ्या लेकीला जसंच्या तसं सांग.

'फाइंडिंग होम' ही त्यांची मोठी चित्रमालिका. मुघल लघुचित्रांची नाजूक रेघ, सोन्याचा वर्ख, आणि मधेच चित्रकथेतला बोलण्याचा फुगा. एका चित्रात देवीसारखी अनेक हातांची निळी बाई आहे, तिचे हात ज्यूंच्या दीपवृक्षाच्या फांद्यांसारखे वर गेलेत. मी त्या चित्राच्या छापील प्रतीसमोर किती वेळ बसले होते! देवी कुठे संपते आणि दिवा कुठे सुरू होतो, ते शोधायचा नाद मी शेवटी सोडून दिला.

आता एक जरा कडू. आजींची बहीण इस्रायलला गेली ती 'आपल्या घरी चाललो' म्हणून. पण तिथेही काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी या लोकांना विचारलंच, तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्यासाठी आंदोलनं करावी लागली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या सरकारने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. दोन हजार वर्षं ज्याची आठवण काढली त्या घराच्या दारात हा प्रश्न! मला अजून राग येतो. बहिणीची पत्रं मात्र शेवटपर्यंत मराठीत येत राहिली, आणि आजी ती आपल्याकडून वाचून घ्यायच्या.

सियोनाबाई 2010-11 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन इथे आल्या, उरलेल्या बेने इस्रायल माणसांना भेटल्या, त्यांचे फोटो काढले आणि त्या फोटोंवर रंगकाम केलं. पुढे इस्रायलला गेलेल्यांसाठीही तसंच काम हाती घेतलं. हातात राहिलेले चेहरे तरी जपावेत, ही त्यांची धडपड मला फार जवळची वाटते. आपण आजींचा एकसुद्धा फोटो काढला नाही.

आजींचं घर आता बंद असतं. चौकटीवरची मेझुझा, म्हणजे आत धर्मवचनं ठेवलेली लहानशी डबी, कुणीतरी काढून नेली, पण तिच्या जागी रंग न लागलेली तिरपी पट्टी अजून दिसते. आजी आतबाहेर करताना तिथे बोटं टेकवून ओठांना लावायच्या, तेवढ्या उंचीवर. मे महिन्यात याल तेव्हा लेकीला तिथे घेऊन जाऊ. मलिदा मी करते.

तुझीच,
शेजारीण