हुतात्मा की पुंड, बातमी एकच

संपादक साहेब, मी बेळगावचा, घरी मराठी पेपर येतो आणि शेजारी कानडी, दोन्ही वाचतो म्हणून लिहितोय. दरवर्षी 1 नोव्हेंबरला आमच्याकडे मराठी पेपरात 'काळा दिवस' असतो आणि कानडीत 'राज्योत्सव', ते ठीक आहे, नावं वेगळी असणारच. पण महाराष्ट्र एकीकरण समितीची (कानडी पेपरात 'एमईएस') फेरी निघाली की मराठीत 'सीमावासीयांचा एल्गार' आणि कानडीत 'एमईएस पुंडाट'. पुंडाट म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, आपल्याच पुंडाई शब्दाचा भाऊ तो! आणि आपणही काही कमी नाही, 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, ती केली एका संघटनेच्या लोकांनी, पण आपल्याकडं सरसकट 'कन्नडिगांची मुजोरी' असं चालतं. अहो, माझा शेजारी कन्नडिगाच आहे, त्या दिवशी तो दूध घेऊन आला होता आमच्याकडे.

त्याच महिन्यात दोन्ही विधानसभांनी ठराव केले, इकडं 865 गावं महाराष्ट्रात यायलाच पाहिजेत, तिकडं एक इंच जमीन देणार नाही. 2004 पासून सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात आहे, पण शेजारी आणि मी एकमेकांच्या ठरावाचे मूळ शब्द कुठं वाचणार? भाषांतर करताना विशेषण आपलं घालू नका एवढंच मागणं आहे, आणि तिकडच्या नेत्याचं वाक्य छापाल तेव्हा मूळ कानडी वाक्यपण देवनागरीत खाली द्या, आम्ही सीमाभागातले लोक वाचून लगेच सांगू बरोबर आहे का ते.

– एक वाचक, बेळगाव