गड जपताय, मग घाटवाटाही मोजा

संपादक महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले. तेव्हापासून आपल्या दैनिकात तटबंदी, निधी, रोपवे, अतिक्रमणे यांच्या बातम्या सतत येतात. आनंदच आहे. पण यातले बरेचसे डोंगरी गड ज्या घाटवाटांवर नजर ठेवायला उभे राहिले, त्या वाटांबद्दल एक ओळही वाचायला मिळत नाही. वाट वगळून सह्याद्रीतला गड पाहिला तर तो निम्माच कळतो. खरे तर निम्माही नाही.

प्रतापगडच घ्या. १६५६ च्या सुरुवातीला महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला. तो नेमका तिथेच का? खाली पार घाट आहे म्हणून. घाटमाथ्यावरून महाडच्या बाजूला उतरणारी रहदारी याच घाटाने चाले. वरच्या तोंडाशी पार गाव, पायथ्याशी किनेश्वर. १६५९ मध्ये अफजलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने उतरून पारच्या परिसरातच तळ देऊन बसला. वाघनखांवर आपण शंभर वेळा बोलतो. एवढी फौज, हत्ती-घोडे आणि बाजारबुणगे त्या किर्र रानातून खाली कसे आले असतील, हे मात्र कुणी विचारत नाही. पारला रामवरदायिनीचे देऊळ आहे. कोयनेवरचा दगडी पूलही आहे, तो शिवकालीन म्हणून ओळखला जातो. गडावर येणाऱ्या गाड्यांपैकी किती तिथे वळतात?

त्या काळी घाटात चाक चालत नव्हते. माल बैलाच्या पाठीवर गोणीत भरून जाई. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी चढायची; वरून धान्य, गूळ, हळद उतरायची. लादलेला बैल दिवसात जेवढा चालेल तेवढ्या टप्प्यावर चारा, पाणी आणि वाणी हवा. म्हणून घाटाच्या दोन्ही तोंडांशी वस्ती जमे आणि तिथेच जकातीची चौकी बसे. बाकीचा मावळ मात्र नदीच्या खोऱ्याने वसला: रोहिड खोरे, वेळवंड खोरे, मुसे खोरे. गावे पाण्याकाठी, चार घरांच्या वाड्या चढावर, आणि मधल्या रानात कोणी नाही. उजाड झालेला गाव पुन्हा उभा करायचा तर राज्यकर्ते कौल, म्हणजे अभयाचे लेखी वचन देत. नव्या लावणीला इस्तावा असे, म्हणजे पहिली काही वर्षे सारा हलका आणि मग टप्प्याटप्प्याने पुरा. पेठ वसवायची तर उदमी, म्हणजे व्यापारी माणसालाही अशीच सवलत द्यावी लागे.

या वाटांना राज्यकर्ते किती जपत, याचा दाखला १६७१ चा आहे. कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना महाराजांचे पत्र गेले. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, तेव्हा घाटावरचे उदमी बैल घेऊन तिकडेच वळतील आणि स्वराज्यातल्या संगमेश्वरकडचा व्यापार बुडेल. म्हणून त्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त राहू नये, असा त्याचा आशय. बैल कुठल्या घाटाने उतरतो, यावर बंदराचे नशीब ठरत होते. दुसरीकडे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा ग्रंथ, सांगते की गडाला जाणारे सुगम मार्ग मोडावेत, त्यावर झाडी वाढवावी. तेच आज्ञापत्र सावकारांना आणून पेठा वसवायलाही सांगते. व्यापाऱ्याला वाट मोकळी आणि शत्रूला बंद, ही कसरत सरहद्दीवरच्या प्रत्येक घाटात चालू होती.

पुढे १८३० मध्ये इंग्रजांनी बोरघाट गाडीरस्ता म्हणून खुला केला. नंतर कुंभार्ली, वरंध, आंबेनळी असे एकेक रस्ते झाले. रहदारी तिकडे गेली आणि पारसारख्या पेठा वाटेवरून बाजूला पडल्या. जावळी-पाटणकडची कितीतरी गावे तर कोयनेच्या जलाशयात गेली.

जे उरले आहे ते ओळखायला सोपे आहे. लादलेल्या बैलाला झेपतील अशा रुंद, बुटक्या पायऱ्या. मध्यावर खडकात खोदलेले टाके. खिंडीत वाघजाई नाहीतर मारुती, जवळ चौकीचा चौथरा. आमच्या भागात अशाच एका वाटेवरून नळयोजनेच्या पाइपसाठी जेसीबी फिरला आणि फरसबंदीचे दगड शेताच्या गडग्यात गेले. दाद कुणाकडे मागणार? कागदोपत्री ती वाट नव्हतीच.

पाणंद रस्त्यांची मोजणी होते, तशी घाटवाटांची व्हावी, एवढीच मागणी आहे. किमान वारसा यादीतल्या डोंगरी गडांखालच्या वाटा तरी आधी गावनकाशावर आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवा. त्यावर फलक नंतर लावा, सुशोभीकरण तर नकोच. सिमेंटच्या पायऱ्या आणि रंगवलेले कठडे पाहून पोट भरले आहे. गिर्यारोहकांच्या मंडळांकडे बहुतेक वाटांच्या जीपीएस नोंदी तयार आहेत, त्या तहसील कार्यालयांनी मागवून घ्याव्यात. या कामाला कोट्यवधींचा निधी लागत नाही. तलाठी, वनरक्षक आणि वाट पायाखालची असलेला गावातला एखादा म्हातारा बरोबर घेतला तरी पुरे.

– एक वाचक, पोलादपूर (जि. रायगड)