आधी पत्र्याच्या पलीकडे बघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीच्या मागच्या शॉकअबसॉर्बरच्या ब्रॅकेटचे फोटो पाहिले. त्यात लोखंड कमी आणि गंजच जास्त उरलाय, तेव्हा नवं बनवून वेल्ड करायचं ठरवलंस ते बरोबरच. पण तू एवढंच विचारलंस, की वेल्डिंग मशीनचा करंट किती ठेवू. ते नंतर. त्या पत्र्याच्या पलीकडे काय आहे, हे पाहिलंस का?

आपले डोळे काचेतून ठिणगीवर खिळलेले असतात आणि आग धरते पलीकडच्या बाजूला. तिथे गालिचा असतो, आवाज दाबायला चिकटवलेला डांबरी थर असतो, वायरिंग असतं. पोकळ भागांत कुणी गंज रोखायला मेण सोडलेलं असतं. ठिणगी तिथवर पोचावी लागत नाही, तापलेला पत्रा पुरतो. म्हणून सीट, गालिचा, वायरिंग बाजूला कर आणि डांबर खरवडून काढ. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ने. रिकामी आहे म्हणून राहू देशील, तर ती भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. शॉकअबसॉर्बरही काढ, तापला तर फुटू शकतो. जागा जुळवायला त्याच्या मापाची, दोन्ही टोकांना भोकं पाडलेली पट्टी बोल्टने बसव.

पत्रा ग्राइंडरने चकचकीत कर, पण मास्क लावून. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रेक क्लीनरने मात्र पुसू नकोस. काहींत क्लोरीनयुक्त द्रावक असतो आणि आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताच्या, उष्णतेने, किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. त्या वायूचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस निवांत असतो. जुन्या नटबोल्टांवर जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असतो. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, कॅडमियमचा धूर फुप्फुसं निकामी करतो. नुसत्या नजरेने दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा मुलाम्याच्या तुकड्यावर आर्क मारूच नकोस. साध्या लोखंडाचा घे.

बॅटरी काढून ठेव. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, उघड्या धातूवर लाव. लांब लावलास तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते खराब करतो.

आता तुझा प्रश्न. ब्रॅकेट जाड, चॅसीचा पत्रा पातळ. आर्कचा रोख जाड बाजूकडे ठेव. आकडा मी सांगणार नाही, कारण तो मशीन आणि वेल्डिंगच्या तारेवर ठरतो. त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे जोड, शिकंज्यात धरून हातोड्याने वाकव. जोड सुटून आला तर तो नुसता वर चिकटला होता. टिकेपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं आहे, पण गाडीवर हात साफ करण्यापेक्षा बरं. मग आधी टाके मार, म्हणजे तुकडा जागेवर धरण्यापुरते छोटे वेल्ड, माप पुन्हा घे, आणि थोडं इथे, थोडं तिथे असं वेल्ड कर. एकाच जागी रेटलंस तर पत्रा वाकतो. सीटबेल्टच्या किंवा स्टीअरिंगच्या ब्रॅकेटला मात्र टाक्यांपलीकडे जाऊ नकोस, पुढचं पक्क्या हाताच्या वेल्डरला दे. यात माझा हट्ट समज.

गाडी जॅकवर नाही, घोड्यांवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर ठेव. अंगात सुती कपडे. तुझं ते नायलॉनचं जॅकेट मला माहीत आहे. खड्ड्यात उतरून काम करणार असशील तर वारा खेळता ठेव, वेल्डिंगला सोडतात ते आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड असतात, तळाशी साचतात.

वेल्ड करताना गाडीच्या आत कुणीतरी अग्निशामक घेऊन बसलेला हवा, आणि संपल्यावर तासभर तिथून हलायचं नाही. तुला जेवायची घाई असते, म्हणून पानं त्यानंतरच वाढायला सांग.

टाके झाले की फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे.

तुझी,
आई