फोनसमोर उभं राहण्याआधी

वडसा (देसाईगंज)

प्रिय मित्रा,

नाट्यशाळेनं निवडीसाठी तुझ्या अभिनयाचा व्हिडिओ मागवलाय म्हटल्यावर तू दिवे शोधायला निघाला असशील. दिव्यांचं राहू दे, आधी आवाजाचं बघ. चित्र जरा मळकं असलं तरी चालून जातं. शब्दच कळले नाहीत तर तुझं काम कुणी कसं जोखणार?

टिनाच्या खोलीत रेकॉर्डिंग नको. टिन आणि उघड्या सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात, संवाद डब्यातून आल्यासारखा वाटतो. धानाच्या चुंगड्या, म्हणजे पोती, रचलेली कौलारू खोली मिळाली तर उत्तम, चुंगड्या आवाज पिऊन घेतात. नाहीतर फोनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाक. कूलर, पंखा बंद. फोन एअरप्लेन मोडवर. शेजारच्या वावरातली मोटार कधी चालते तेही विचारून घे, तिची घरघर नंतर काढता येत नाही.

उजेड सकाळचा घे. खोलीत असशील तर दाराकडे तोंड कर, ओसरीत असशील तर सावलीत उभा राहून अंगणाकडे. दार पाठीमागे आलं तर फोन त्या उजेडाचं माप घेतो आणि तुझा चेहरा काळा पडतो. भिंतीपासून ३-४ फूट पुढे ये. बारीक चौकड्याचा शर्ट घालू नकोस, कॅमेऱ्यात तो थरथरतो.

फोन आडवा, मागचा कॅमेरा, सेटिंगमध्ये १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम. टेबलावर विटा रचून तो डोळ्यांच्या उंचीवर आण, अंतर ५-६ फूट, कमरेपासून वर दिसू दे. झूम नको. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. नाहीतर तू हललास की चित्र मधेच उजळतं, मधेच मंदावतं. दंडारीचा, म्हणजे आपल्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याचा, तुकडा मात्र वेगळा घे. त्यात पाय दिसायलाच हवेत, म्हणून फोन १०-१२ फुटांवर, कमरेच्या उंचीला.

आता खरं अवघड काम. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, आपला संवाद मंडपातल्या शेवटच्या माणसासाठी असतो. इथे ऐकणारा ५ फुटांवर आहे. म्हणून नुसता आवाज खाली आणशील तर त्यासोबत जोरही जाईल, आणि संवाद वाचल्यासारखा होईल. त्यापेक्षा लेन्सच्या अगदी बाजूला कुणाला तरी उभं कर आणि त्यालाच सांग. अंतर बदललं की आवाज आपोआप बसतो, हात आखडतात, डोळे काम करायला लागतात. थेट लेन्समध्ये फक्त ओळख देताना बघ. ओरडायची जागा असेल तिथे चेहरा थोडा वळव, समोरून ओरडलं की फोनच्या माईकवर आवाज फाटतो. आणि ओळख देताना पुस्तकी बोलू नकोस रे, आपल्या बोलीचा हेल राहू दे. तो तुझाच आहे.

संवादाआधी आणि नंतर २-२ सेकंद गप्प राहा. मधे कापाकापी नको, चुकलास तर पहिल्यापासून घे. ४-५ टेकनंतर थांब, पुढे चेहरा थकलेला दिसतो.

फाइलचा आकार एका मिनिटाला १००-१३० एमबी धर. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलास तर चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठव. ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ, परवानगी द्यायची राहिली की समोरच्याला काहीच दिसत नाही. शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, लाइन गेली की टॉवरही जातो.

पहिला बरा टेक झाला की मला पाठव. हेडफोन लावून ऐकतो आणि कुठे शब्द गिळलेस ते कळवतो.

तुझाच,
मित्र